ड्रॉइंगमध्ये कांदा नाही

अंडी वेस्ट कॉटनमध्ये गुंडाळून आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वेस्ट कॉटन म्हणजे कारखान्यात मशीन पुसायला मिळतो तो सुताचा गुंता. त्यातला कोरा, तेल न लागलेला गुंता ते जेवणाच्या रिकाम्या डब्यात पसरायचे, अंडी एकमेकांना टेकणार नाहीत अशी बसवायचे, वरून पुन्हा गुंता आणि मग झाकण. शुक्रवारी संध्याकाळी सातपूरच्या नाक्यावर हे चालायचं. तिथून घरी येताना त्यांची स्कूटर इतकी सावकाश चालायची की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. घरी आल्यावर डबा स्वयंपाकघराच्या दारावरून सुद्धा न्यायचा नाही, बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर. तिथे हत्यारांची एक जुनी लोखंडी पेटी होती. तिच्यात अंडी.

हे माझे घरमालक. नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार भाग तपासायच्या कामाला लागले आणि त्यांच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. ते दुसऱ्या एका कारखान्यात टूलरूमचे, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; कॉलनीतली मुलं त्यांना मागून ‘मायक्रॉनकाका’ म्हणायची. मी नुसतं काका म्हणायचे.

खोली बघायला गेले तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, “उंची किती?”

“जवळजवळ साडेपाच फूट,” मी म्हटलं.

“जवळजवळ म्हणजे किती?”

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी खिशातून टेप काढला, मला भिंतीला उभं केलं आणि माप घेतलं. मग म्हणाले, “बसेल. वरच्या दाराची चौकट खाली आहे. आधीच्या भाडेकरूने तीन वेळा कपाळ फोडून घेतलं.” काकू आतून ओरडल्या, “अहो, पोरीला पाणी तरी विचारा! तिची काय खिडकी करायचीय?”

‘जवळजवळ म्हणजे किती?’ हे वाक्य पुढे मी रोज ऐकलं. दूधवाल्याने, रिक्षावाल्याने, नळ दुरुस्त करणाऱ्यानेही ऐकलं. कुणी म्हटलं की काका, बस जवळजवळ वेळेवर आली, तरी हेच. माझं नाव त्यांनी एकदाच विचारलं आणि नंतर कधी वापरलं नाही. मी त्यांच्यासाठी ‘इन्स्पेक्टर’ होते.

आता अंड्यांकडे येते. ऐंशीच्या दशकात काकांना कंपनीने एक मशीन शिकायला सहा महिने इटलीला पाठवलं होतं. निघताना आईला शब्द दिला होता की मांसमच्छीला शिवणार नाही. अंड्यांबद्दल आई काही बोलली नव्हती, हे काका फार गंभीरपणे सांगायचे. तिकडे एका म्हाताऱ्या विधवा बाईकडे राहायची सोय होती. म्हातारी मूळची रोमची. ती दर शनिवारी एक पदार्थ करायची. उकडलेल्या लांब शेवया, अंडी, चीज आणि काळी मिरी, एवढंच. त्याचं नाव कार्बोनारा. काका परत आले ते मशीन शिकून आणि हा पदार्थ शिकून. मशीन पुढे भंगारात गेलं. पदार्थ राहिला.

नाशिकमध्ये तेव्हा तसल्या शेवया मिळत नव्हत्या. काकूंचं उन्हाळ्यात शेवया करायचं हाताने फिरवायचं यंत्र होतं, खाटेच्या पाटीला आवळून बसवायचं. काकांनी टूलरूममध्ये त्याच्यासाठी पितळेची नवी चकती बनवली, जाड भोकांची. बन्शी गव्हाचा रवा घट्ट मळून त्यातून काढायचा आणि काठीवर वाळवायचा. चीज मिळायचं ते डब्यातलं, मऊ, खारट. ते मलमलच्या फडक्यात बांधून काका फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस उघडं ठेवायचे. ते सुकून खडूसारखं कडक झालं की मग किसायचं. काकूंच्या फ्रिजमधल्या लोण्याला, खव्याला, सगळ्याला त्याचा वास लागायचा. “काय शे हाई?” असं काकू फ्रिज उघडून स्वतःशीच म्हणायच्या. त्या सटाण्याच्या. एरवी बोलायच्या आपल्यासारखंच, पण वैताग आला की माहेरची अहिराणी तोंडात यायची.

काकू माळकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे घरात अंडं नाही. पण काकांना इटलीहून आल्यावर दर शनिवारी हे खायचंच होतं. शेवटी तह झाला तो असा: स्टोव्ह वेगळा, कढई वेगळी, ताटली वेगळी आणि सगळं गच्चीवर. गच्ची हे घर नाही, असं काकूंनी ठरवलं. माझी खोली गच्चीवर असल्यामुळे मीही घरात मोडत नव्हते. त्यामुळे मला खायची परवानगी होती.

शनिवार का, तर सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारी. इतर दिवशी काका सकाळी सातला बाहेर, दुपारचं कॅन्टीनमध्ये, संध्याकाळी ते येईतो काकू भजनाला गेलेल्या. मुलगी लग्न होऊन इंदूरला. आठवड्यातून एकच दिवस नवरा-बायको दुपारी दोघं घरी, आणि त्या दिवशी जेवण दोन ठिकाणी. काका गच्चीत. काकू घरातून वर येणाऱ्या जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर, भाकरी-भाजीचं ताट मांडीवर घेऊन. पायरी ही घरात होती. पायरीपुढे उंबऱ्याएवढा सिमेंटचा उंचवटा होता, तो सरहद्द. काकू तिथून काकांशी बोलत बोलत जेवायच्या आणि काका काही ऐकायचे नाहीत, कारण त्यांचं लक्ष कढईत.

एकदा काकूंनी विचारलं ते मी स्वतः ऐकलंय. “अहो, माझ्यापुरतं अंड्याशिवाय करा की. चीज मला चालतं.”

“अंडं काढलं तर राहिलं काय?”

“शेवया राहिल्या. मिरी राहिली.”

“शाफ्ट काढून मोटर चालते का?”

“मी मोटर नाही मागत. घासभर शेवया मागतेय.”

“अगं, जी वस्तू आहे ती तशीच करायची. म्हातारीने केली तशी. नाहीतर मग तिला दुसरं नाव द्या.”

काकू म्हणाल्या, “द्या की मग दुसरं नाव!” आणि भाकरी मोडून घेतली. हे संभाषण वर्षातून दोनतीनदा व्हायचं. काकू दर वेळी हसत विचारायच्या, म्हणून काकांना वाटायचं की हा विनोद आहे. मी शेजारी बसून खात असायचे. मला तसं वाटत नव्हतं, पण भाडेकरूने मध्ये बोलायचं नसतं.

पदार्थ सोपा होता. चुकायला मात्र एकच जागा होती आणि काका त्या जागेवर पहारा द्यायचे. पातेल्यात अंडी फेटून त्यात चीज आणि खलबत्त्यात नुकतीच कुटलेली मिरी घालून ठेवायची. शेवया खारट पाण्यात उकडायच्या, त्यातलं वाटीभर पाणी बाजूला काढायचं. शेवया कढईत घ्यायच्या, थोडंसं तूप. मग काका स्टोव्हची किल्ली सोडायचे. स्टोव्ह फस्स करून थांबला, की त्या शांततेत ते मनाशी काहीतरी मोजायचे, कढईच्या कडेला बोट लावून बघायचे आणि मग अंडं ओतायचे. हात चालू, थोडं थोडं पाणी. “आपण अंडं शिजवायचं नाही,” ते म्हणायचे, “त्याला शिजू द्यायचं.” बघता बघता सगळं पिवळं, चकचकीत, साईसारखं व्हायचं.

मी एकदा त्यांच्या नजरेखाली केलं. स्टोव्ह बंद करायला अंमळ उशीर केला. काकांनी कढईत पाहिलं, चमच्याने गुठळी उचलली, उजेडात धरली.

“ही भुर्जी आहे,” ते म्हणाले. “भुर्जी म्हणून चांगली आहे. रिजेक्ट.”

खाल्ली मात्र सगळी.

कांद्याचं प्रकरण सांगायला हवं. काकूंचा भाऊ दर हंगामात सटाण्याहून कांद्याची गोणी घेऊन यायचा. मोठा दिलदार माणूस, मिश्या आणि आवाज सारख्याच मापाचे. एका शनिवारी तो गच्चीवर आला, शेवया खाल्ल्या आणि म्हणाला, “दाजी, येम्हा कांदा काबर नही?”

“ड्रॉइंगमध्ये नाही.” ड्रॉइंग म्हणजे कारखान्यात वस्तू ज्यावरून बनवतात तो मापांसकटचा नकाशा.

“कोणती ड्रॉइंग?”

काकांनी आपल्या कपाळावर बोट ठेवलं. “इथे आहे. त्यात कांदा नाही.”

“आख्खी गोणी आणेल शे मी!” त्याने खिशातून एक कांदा काढला. खिशातून! आणि मुठीने फोडून थेट कढईत टाकायला निघाला. काकांनी कढई उचलली आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. कढईतलं सोनं कुणी लुटायला आल्यासारखे. काकू पायरीवर पोट धरून हसत होत्या. भाऊ चिडला, पण उपाशी राहिला नाही. फोडलेला कांदा शेवयांबरोबर कचाकचा चावून खाल्ला आणि काकांच्या तोंडाकडे बघत खाल्ला.

तेव्हापासून ‘ड्रॉइंगमध्ये कांदा नाही’ हे आमच्या तिघांचं वाक्य झालं. काकूंनी नवी साडी मागितली की काका म्हणायचे. काकांनी भजनाला जाऊ नको म्हटलं की काकू म्हणायच्या.

काका स्वभावाने वाईट नव्हते. माझ्या खोलीत पावसाळ्यात गळायला लागलं तेव्हा स्वतः वर चढून त्यांनी गळती शोधली. मला फ्लू झाला तेव्हा दर दोन तासांनी ताप मोजून गेले, दशांश चिन्हासकट. पण त्यांना वाटायचं की प्रेम म्हणजे नेमकेपणा. दुसऱ्याला काय हवंय हे विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी लग्न होऊन सिडकोत राहायला गेले होते. काकांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. त्यांच्या कारखान्यात इटलीहून नवीन ग्राइंडिंग मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला. काकांनी मला फोन केला. “शनिवारी ये. इटलीचं इन्स्पेक्शन आहे.”

मी गेले तर गच्ची धुतलेली. काकूंनी त्या सिमेंटच्या उंचवट्याला रांगोळी काढलेली. काका इस्त्रीच्या शर्टात, हातात खलबत्ता. इतका घाबरलेला माणूस मी परीक्षेच्या हॉलबाहेरही पाहिला नव्हता. वीस वर्षं ते हा पदार्थ करत होते आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी असं खाणार होतं ज्याला तो माहीत होता.

पाहुणा तिशीतला, हसरा, नाशिकच्या उन्हाने नाक लाल झालेलं. हॉटेलच्या टोमॅटो सुपाला कंटाळलेला. खुर्ची असून खाली चटईवर बसला. काकांनी त्याच्यासमोर सगळं केलं. स्टोव्ह थांबला, बोट लागलं, अंडं पडलं. गुठळी नाही. ताटली त्याच्या हातात दिली आणि स्वतः उभेच राहिले.

त्याने पहिला घास घेतला. डोळे मिटले. मग इंग्रजीत भराभर बोलायला लागला. शेवया कुठून आणल्या? स्वतः केल्या? चकतीसुद्धा? काकूंचं यंत्र मागवून बघितलं, चकतीच्या भोकांतून माझ्याकडे पाहिलं. अंडं अगदी बरोबर, असं दोनदा म्हणाला. काकांचा चेहरा फुलला. मग त्याने कढईत डोकावून सहज विचारलं, “आज मांस मिळालं नाही वाटतं?”

“कसलं मांस?”

त्याने स्वतःचा गाल चिमटीत धरला. “डुकराच्या गालाचं. खारवलेलं. आधी ते परतायचं, त्याच्या चरबीत शेवया घालायच्या. त्याशिवाय हे होतच नाही.”

“होतं,” काका म्हणाले. “मी सहा महिने खाल्लंय. रोमच्या बाईच्या हातचं.”

“आणि तुम्ही मांस खात नव्हता?”

“नाही.”

पाहुणा हसला. चांगल्या मनाने हसला. म्हणाला, “मग तिने तुमच्यासाठी वेगळं केलं असणार. माझी आजीही तिकडचीच. ती पोपसाठीसुद्धा मांस वगळणार नाही. तुमच्यावर म्हातारीचा फार जीव असला पाहिजे.”

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पायरीवरून मला विचारलं, “काय म्हणतोय गं? बिघडलंय का?”

मी काकांकडे पाहिलं. ते कढईत बघत होते. मग मी सांगितलं. आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता.

पाहुण्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, काकूंच्या हातचं भरीत खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं, हात जोडून नमस्कार केला आणि गेला. काका लोखंडी पेटीवर बसले.

“तिच्या शेगडीवर दोन कढया असायच्या,” ते म्हणाले. “मला डावीकडच्या कढईतलं वाढायची. उजवीकडची तिच्या मुलासाठी असेल असं वाटायचं मला. मुलगा तर वेगळ्या गावी होता.”

काकूंनी विचारलं, “दर वेळी दोन कढया?”

“दर शनिवारी.”

“आणि तुम्हाला बोलली नाही कधी?”

“मला तिची भाषा कुठे येत होती?”

काकू उठल्या. वाटलं, आता बोलतील. त्यांच्या जागी मी असते तर बोललेच असते. त्यांनी आपलं ताट उचललं, एवढंच म्हणाल्या, “परकी बाई. नात्याची ना गोत्याची,” आणि खाली गेल्या.

त्यानंतर बरेच शनिवार गच्चीवरचा स्टोव्ह पेटला नाही. काकूंचा मला फोन आला. “पेटीतली अंडी यांनी शेजारच्यांना देऊन टाकली. चीज दगड झालंय फ्रिजमध्ये, त्याला हात लावत नाहीत. बोलतात सगळं, जेवतात, पण बरं नसल्यासारखं करतात. तू ये जरा.” मी म्हटलं, अपमान झालाय, जाईल उतरून. मला खरंच तसं वाटलं होतं. वीस वर्षं सगळ्यांना नेमकेपणा शिकवला आणि स्वतःचंच ड्रॉइंग अपुरं निघालं, याचा धक्का.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. काकू इंदूरला मुलीकडे असतात. कॉलेज रोडवर आता हा पदार्थ चार ठिकाणी मिळतो. माझी मुलगी मागवते. त्यात क्रीम असतं, मशरूम असतं, मका असतो, आणि दर वेळी माझ्या कानात ‘रिजेक्ट’ वाजतं. मी घरी करते तेव्हा गॅस वेळेवर बंद करते. पितळेची चकती काकूंनी मला दिली आहे. ती चकती हातात घेतली की मला गच्चीवरचे शनिवार आठवत नाहीत, एक वेगळाच शनिवार आठवतो. तो गच्चीवर झालाच नाही.

पुन्हा फोन आला होता. “ये. इन्स्पेक्शन आहे.” या वेळी आवाज हळू होता.

मी सवयीने थेट जिना चढायला लागले तर काकूंनी खालूनच हाक मारली, “तिकडं नाही गं, इकडं ये.” स्वयंपाकघराच्या दारात काका उभे होते. आंघोळ केलेली, हातात कोरी करकरीत कढई, भांडीबाजारातला कागद अजून दांड्याला चिकटलेला. नवीन झाराही. अंडं कधी न लागलेला.

“तुझ्या ओट्यावर करू का?” त्यांनी काकूंना विचारलं. त्यांच्या स्वतःच्या घरात.

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पाय धुतलेत का?”

“धुतले.”

“या मग.”

ओट्यापाशी खाली तीन ताटं मांडलेली होती. काकांनी वाटीत दाट साय घेतली, त्यात ते दगड झालेलं चीज किसलं, मिरी कुटली. या महिनाभरात त्यांनी कारखान्यातल्या कॅन्टीनवाल्याच्या शेगडीवर दुपारच्या सुट्टीत चाचण्या घेतल्या होत्या, हे मला नंतर कळलं. साय फाटत होती. कढई किती निवल्यावर ती फाटत नाही, ते त्यांनी शोधून काढलं होतं. उकडलेल्या शेवया कढईत घेतल्या, गॅस बंद केला, कढईला बोट लावलं, थांबले, साय ओतली. हात चालू, थोडं थोडं शेवयांचं पाणी. पिवळं नाही झालं, पांढरंच राहिलं, पण चकचकीत.

“याचं नाव काय?” मी विचारलं.

“अजून ठेवलेलं नाही.”

त्यांनी चमचाभर काकूंच्या तळहातावर दिलं. काकूंनी चाखलं. काका अगदी तसेच उभे होते, त्या इटलीच्या पाहुण्यासमोर उभे होते तसे. उलट जास्तच.

“बरंय,” काकू म्हणाल्या. आणखी एकदा चाखलं. “पण थोडं मिळमिळीत आहे. कांदा परतून घालू का वरून?”

काका झाऱ्याकडे पाहत राहिले.

“घाल,” ते म्हणाले.

काकूंनी विळी ओढली, टोपलीतून सटाण्याचा एक लाल कांदा घेतला. “किती बारीक चिरू?”

“चिर गं. भाजीला चिरतेस तसाच. जवळजवळ.”

काकूंनी कांदा विळीच्या पात्याला लावला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“जवळजवळ म्हणजे किती?”